उजव्या काखेतली एक गाठ

माझं लेडीज टेलरिंगचं दुकान नागपूरच्या महालात आहे, बडकस चौकापासून चालत दोन मिनिटांवर. यंदा २४ वर्षं झाली. ब्लाऊजमध्ये सगळ्यात अवघड जागा कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी मुंढा म्हणेन, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई. छाती थोडी सैल झाली तर टक्स मारून सावरता येते. मुंढा आवळला की बाईचा हात वर जात नाही आणि ब्लाऊज दुसऱ्या दिवशी परत येतो. इतकी वर्षं बायकांच्या काखेखालून टेप फिरवली, पण त्या काखेच्या आत काय असतं ते मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

श्रावणात आंघोळ करताना उजव्या स्तनात वर, काखेच्या बाजूला, चिंचोक्याएवढं कडक काहीतरी हाताला लागलं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणून आठ दिवस मी गप्प राहिले, ही माझी चूक. मग मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि जाड सुईची बायोप्सी झाली. बायोप्सीचा रिपोर्ट आला तो दिवस मारबतीचा. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणारे ते मोठे पुतळे, मिरवत निघाली होती, महालातले रस्ते माणसांनी भरले होते, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हे ओरडणं दुकानात ऐकू येत होतं. त्या गर्दीतून वाट काढत माझा मुलगा पाकीट घेऊन आला. त्याचा चेहरा पाहून मी मशीनवरचा पाय उचलला.

धंतोलीतल्या सर्जनसरांनी सगळं नीट समजावलं. गाठ २.२ सेंटीमीटरची, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या जातीची. स्तन वाचवून फक्त गाठ काढता येईल, असं त्यांना वाटत होतं. त्यांचं बोलणं संपल्यावर मी एकच विचारलं, “सर, माझा उजवा हात तर नीट राहील ना?”

ते थांबले. म्हणाले, “तुम्ही काय काम करता ताई?”

मी सांगितलं. मग त्यांनी कागद ओढला आणि काख काढली. स्तनातून आणि हातातून लस (टोचायची नव्हे, अंगातला पाण्यासारखा द्रव) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या काखेत येतात. तिथे चाळणीसारख्या लहान लहान गाठी असतात, त्यांना लिम्फ नोड म्हणायचं. स्तनाचा कॅन्सर पसरायला निघाला तर बहुतेक वेळा आधी तिथे थांबतो. छातीच्या एका लहान स्नायूच्या खाली, मागे आणि वर अशा त्या गाठींचे तीन मजले. पूर्वी कॅन्सर म्हटलं की खालच्या दोन मजल्यांची अख्खी काख साफ करत. दहा-वीस गाठी निघत. पण हाताची लसही त्याच वाटेने जाते. वाट तुटली की काही बायकांचा हात सुजतो, जड होतो, आणि ती सूज एकदा बसली की पूर्ण जात नाही.

“म्हणून,” ते म्हणाले, “त्या गाठींमध्ये काही गेलं आहे की नाही, हे ऑपरेशनच्या आधी जितकं कळेल तितकं कळून घ्यायचं.”

माझं स्तन मॅमोग्राफीत ‘दाट’ दिसत होतं. दाट भाग पांढरा आणि गाठही पांढरी, त्यामुळे दुसरी एखादी गाठ त्यात लपली असेल तर दिसणार नाही. एमआरआय करायचा तो मुख्यतः यासाठी. त्याच वेळी दोन्ही काखाही बघायच्या. सोनोग्राफी खालच्या मजल्यातल्या गाठी चांगल्या दाखवते. पण अगदी वरच्या मजल्यातल्या आणि छातीच्या मधल्या हाडाला लागून असलेल्या गाठींसाठी एमआरआय बरा, आणि डावी-उजवी काख एकाच चित्रात शेजारी शेजारी ठेवून बघता येते. हे सगळं मी घरी येऊन बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. विसरले असते.

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी रामदासपेठेत एमआरआय होता. दुकानात महालक्ष्म्यांच्या साड्या-ब्लाऊजचे गठ्ठे पडले होते. आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे बसतात, त्यांचे ब्लाऊज मापाने शिवावे लागतात आणि ते काम कुणाला नाही म्हणता येत नाही. दुकानातल्या पोरीवर सगळं टाकून गेले.

आदल्या दिवशी क्रिएटिनिनची रक्ततपासणी झाली होती. नसेतून गॅडोलिनियमचं औषध सोडतात आणि किडनी खूपच अशक्त असेल तर ते देताना विचार करावा लागतो, म्हणून ती तपासणी. चार तास उपाशी यायला सांगितलं होतं. तिथे एक लांबलचक फॉर्म भरून घेतला. पेसमेकर आहे का, डोक्यात क्लिप आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला का, आधी कोणतं औषध बाधलं का. शेवटची पाळी कधी आली तेही विचारलं. पाळीच्या काही दिवसांत निरोगी स्तनातही औषध जास्त शोषलं जातं आणि चित्र गढूळ होतं. नुसती तपासणी असेल तर पाळीच्या दुसऱ्या आठवड्याची तारीख देतात. कॅन्सर ठरलेला असेल तर त्यासाठी फार थांबत नाहीत. माझा योगायोगाने दहावा दिवस होता.

मग अंगावरचं सगळं काढायचं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं. जोडवी निघेनात, तिथल्या बाईंनी साबण लावून काढून दिली. लग्नानंतर पहिल्यांदा पाय मोकळे झाले. टेक्निशियन मुलीने विचारलं, “काकू, पिन, सुई, आकडा काही नाही ना?” मी नाही म्हटलं, आणि त्याच वेळी माझा हात आपोआप डाव्या खांद्याकडे गेला. शिवणकाम करणारी बाई दोरा ओवलेली सुई पदराला टोचून ठेवते. दिवसातून पन्नास वेळा लावायची, पन्नास वेळा काढायची, ती आहे हे ध्यानातही राहत नाही. सुई होती, लाल दोरा अजून तिच्यात. सकाळी हुक लावून निघाले होते. मुलीने ती हातात घेतली आणि गंभीरपणे सांगितलं, की आतलं चुंबक दीड टेस्लाचं आहे, पृथ्वीच्या चुंबकापेक्षा जवळजवळ तीस हजार पट जोराचं, आणि ते चोवीस तास चालूच असतं, बटण बंद करून थांबत नाही. साडी बदलून गाऊन घालायचाच होता, तरी त्यांनी माझ्या अंगावरून तपासणीचा दांडा फिरवला. शिवणकाम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, हे खरंच ध्यानात ठेवा.

स्तनाचा एमआरआय पालथं झोपून होतो, हे मला माहीत नव्हतं. पलंगावर एक साचा असतो, त्याला दोन खळगे. स्तन त्या खळग्यांत मोकळे सोडायचे, कपाळ एका उशीवर टेकवायचं. सगळा भार छातीच्या मधल्या हाडावर येतो. तो साचा म्हणजेच अँटेना. स्तनातून येणारा बारीकसा सिग्नल पकडणारा. मुलीने मला दोनदा पुढे सरकवलं, गाऊन काखेतून ओढून काढला आणि म्हणाली, “काख जेवढी आत येईल तेवढी घेऊ द्या काकू.” तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. साचा स्तनासाठी बनवलेला असतो, काख त्याच्या काठावर पडते. काठावर सिग्नल कमी. वरून बाजूला हृदय धडधडत असतं, त्याची हालचाल चित्रात पट्टे पाडते. म्हणून स्तन जितकं स्वच्छ दिसतं तितकी काख दिसत नाही. आपल्याकडे कापडाच्या काठाला वीण दाट असते, इथे उलटं, काठावरच विरळ.

खोली गार होती. हातात रबरी फुगा दिला, घाबरलात तर दाबा म्हणाली. मग आवाज सुरू झाला. आधी ठकठक, मग ओव्हरलॉक मशीन कानाशी धरल्यासारखा सलग भर्रर्र, मग मध्येच शांतता, मग पुन्हा. मी यंत्रांच्या आवाजात दिवस काढणारी बाई, आवाजाने घाबरले नाही. त्रास खांद्याचा झाला. पंधराएक मिनिटांनी उजवा खांदा असा भरून आला, की मी नकळत कोपर हलवलं. माइकवरून लगेच आवाज आला, “काकू, हललात. ही फेरी परत घ्यावी लागेल.” बरं झालं, औषध सोडायच्या आधीची फेरी होती. औषध गेल्यावरची परत घेता येत नाही. आधी एक फोटो काढतात, मग औषध सोडून दर मिनिट-दीड मिनिटाला फोटो घेत जातात. नंतरच्या फोटोतून आधीचा वजा करतात, जे उरतं ते औषध शोषलेलं. कॅन्सरची गाठ बहुधा भरभर शोषते आणि भरभर सोडून देते. मध्ये आपण हललो तर वजाबाकीच चुकते.

औषध गेलं तेव्हा दंडापर्यंत थंड पाणी चढल्यासारखं वाटलं. बाकी काही नाही. सगळं मिळून चाळीसेक मिनिटं. उठले तेव्हा छातीच्या हाडावर साच्याचा लाल वळ उमटला होता.

रिपोर्ट महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर आला. नुसती फाइल, सोबत एक शब्द नाही. माझ्या भाच्याने उघडली. स्तनात गाठ एकच, दुसरी कुठे नाही, ही चांगली बातमी पहिल्या पानावर होती. पण त्याची नजर शेवटच्या ओळींवर गेली. उजव्या काखेत ११ बाय ८ मिलिमीटरची एक गाठ, साल ५ मिलिमीटर जाड, मधली चरबी नीट दिसत नाही, मेटास्टॅसिसची, म्हणजे कॅन्सर पसरल्याची, शंका. ‘मेटास्टॅसिस’ त्याने मोठ्याने वाचलं. शंका हा शब्द कुणी ऐकलाच नाही. नणंदबाई आंबिलीचं भांडं हातात घेऊन खाली बसल्या. “काहून असं झालं वो बाप्पा,” एवढंच म्हणत राहिल्या. पंगत बसलेली, सोळा भाज्या वाढलेल्या, आणि घरात मरणकळा. मी पाणी वाढत फिरले, कारण थांबले असते तर उभी राहू शकले नसते. दोन रात्री मी उजवी मूठ उघडत-मिटत पडून राहिले. माणसाच्या हातात असा कागद देताना कुणीतरी पाच मिनिटं बोलावं. त्या सेंटरवर माझा राग आहे, आजही.

सोमवारी सर्जनसरांनी मला कागद न बघताच रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं. त्यांनी सीडी लावली आणि मला स्क्रीनसमोर बसवलं. आधी डावी काख दाखवली. “ही तुमची चांगली गाठ. राजम्याच्या दाण्यासारखी आहे की नाही? बाहेर पातळ साल, आणि मध्ये खाचेत ही चरबी.” मग उजवी. ती गोलसर होती, साल फुगलेली, मधली चरबी चेपून रेघ झालेली. साल ३ मिलिमीटरच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. जाड झाली, आकार गोल झाला, कडा खरखरीत झाल्या, मधली चरबी नाहीशी झाली, की शंका वाढत जाते. माझ्या गाठीच्या कडा गुळगुळीत होत्या.

“ताई, गेल्या महिनाभरात या हाताला काही लागलं? जखम, गळू, लस टोचून घेतली?”

मी उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. पोळ्याच्या आधी मशीनची सुई नखाच्या कडेला घुसली होती. बोट पिकलं होतं, पू आला, हळद बांधून मी काम करत राहिले. नखाचा रंग अजून काळा होता. आणि मला आजी आठवली. लहानपणी पायात काटा मोडून पिकला आणि जांघेत गोळा आला, तर आजी चाचपून म्हणायची, “भिऊ नको पोरी, अवधाण आलं आहे. काटा निघाला की बसेल.” हाताला जखम झाली की काखेत अवधाण येतं, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. ते अवधाण म्हणजे हीच लिम्फ नोड, हे तेव्हा मला एकदम दिसलं.

मॅडमना तो शब्द माहीत होता. पण त्यांनी मला त्यावर निजू दिलं नाही. म्हणाल्या, “असू शकतं. कॅन्सरही असू शकतो. फुगलेली गाठ कशाने फुगली ते एमआरआय सांगत नाही, फक्त फुगली आहे एवढं सांगतो. खात्री करायची तर सुईच घालावी लागेल.” हे वाक्य मला आधी मिळालं असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

तिथेच त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, पण आता कुठे बघायचं ते चित्रावरून ठाऊक होतं. ती गाठ सापडली. सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली. हात डोक्यावर, मान वळलेली, जेमतेम दहा मिनिटं. मुंढ्याच्या शिलाईच्या बरोबर खाली ती जागा आहे, आता डोळे मिटूनही बोट ठेवू शकते. तीन दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला, कॅन्सरच्या पेशी नाहीत, गाठ सुजेमुळे वाढलेली. नणंदबाईंनी पेढे आणले. मॅडमनी फोनवर तेवढ्यातही सांगितलं, “सुई एका ठिकाणची पेशी उचलते, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी पहारेकरी गाठी बघायच्याच आहेत.”

ऑपरेशनची तारीख पितृपक्षात आली. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, घटस्थापनेनंतर घ्या ना. यांनी पहिल्यांदाच घरात आवाज चढवला, “तारीख डॉक्टरनं दिली आहे, तीच राहील.” विषय मिटला.

पहारेकरी गाठी म्हणजे स्तनातली लस काखेत सगळ्यात आधी ज्या गाठींत पोचते त्या. सकाळी स्तनात टेक्नेशियमचं किंचित किरणोत्सारी औषध टोचलं, भूल दिल्यावर निळा रंग. ज्या गाठी निळ्या झाल्या आणि ज्यांच्यावर किरणं पकडणारं यंत्र वाजलं, तेवढ्याच काढायच्या. माझ्या तीन निघाल्या. दुसऱ्या दिवशी लघवी निळी-हिरवी झाली. आधी सांगितलं होतं तरी दचकलेच. स्तनातली गाठ चहूबाजूंनी चांगल्या मांसाची किनार ठेवून काढली होती. त्या किनारीला सरही मार्जिन म्हणाले, आम्ही शिलाईत सोडतो त्यालाच म्हणतात तो शब्द.

दहा दिवसांनी अंतिम रिपोर्ट आला. एमआरआयने जिच्यावर बोट ठेवलं होतं ती गाठ या तिघींत होती, आणि ती स्वच्छ निघाली. पण शेजारच्या, चित्रात अगदी सरळ दिसलेल्या एका गाठीत १.२ मिलिमीटरचा कॅन्सरचा ठिपका होता.

मला वाटलं, आता काख साफ करावी लागणार. हात गेला. सरांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली. २ मिलिमीटरपर्यंतच्या ठिपक्याला मायक्रोमेटास्टॅसिस म्हणतात. तो एमआरआयला दिसत नाही, सोनोग्राफीलाही नाही. गाठीची साल जाड करायला तो पुरेसाच नसतो. सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. आणि एवढ्याशासाठी काख साफ केल्याने बाईचं आयुष्य वाढत नाही, हे मोठ्या अभ्यासांत दिसलेलं आहे. २०११ साली आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर एक-दोन पहारेकरी गाठींत कॅन्सर सापडूनही, स्तन वाचवून रेडिएशन घेणाऱ्या बायकांना काख साफ न करता तितकंच बरं राहता आलं. “तुम्हाला रेडिएशन द्यायचंच आहे, गोळ्या सुरू करायच्याच आहेत. काखेला आता हात लावायचा नाही.”

मी काही बोलले नाही. हे बाजूला बसले होते, त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

मला आता बायका विचारतात, एमआरआय चुकला म्हणायचं का? मी नाही म्हणते. स्तनात दुसरी गाठ नाही हे त्यानेच सांगितलं आणि त्यामुळे स्तन वाचलं. छातीच्या हाडाजवळ, वरच्या मजल्यावर काही नाही हेही त्यानेच दाखवलं. त्या एका गाठीबद्दल त्याने शंका म्हटली आणि ती शंका रास्त होती. फक्त शंकेवर कुणाचा हात ठरू नये, आणि चित्र स्वच्छ आहे म्हणून कुणी पहारेकरी गाठी बघायचं स्वतःच टाळू नये. डॉक्टर विचार करून टाळा म्हणाले तर वेगळं. गाठ लहान, सोनोग्राफीत काख स्वच्छ, अशा काही जणींना ती गरज नसते, हेही आता सिद्ध झालं आहे. पण जाताना हाताची जखम, गळू, नुकतीच घेतलेली लस, सगळं न विचारताही सांगा. आणि सीडी जपून ठेवा, कागदापेक्षा ती महत्त्वाची.

रेडिएशन दिवाळीनंतर संपलं. टॅमॉक्सिफेनची गोळी रोज रात्री जेवणानंतर घेते. दुकान सुरू आहे. आता तर्जनीत अंगुस्तान घातल्याशिवाय सुई धरत नाही, कारण या हाताला जखम होऊ द्यायची नाही असं फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं आहे. त्यांनी आणखी एक सांगितलं, दर महिन्याला दोन्ही हातांचा घेर मोजायचा. दोन्हींत २ सेंटीमीटरचा फरक पडला की लगेच यायचं. मापाची टेप त्या देऊ लागल्या तेव्हा मी म्हटलं, मॅडम, टेप माझ्याकडे आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला दुकान उघडलं की गिऱ्हाईक यायच्या आधी मी माप घेते. मनगट, कोपराखाली १० सेंटीमीटर, कोपरावर १० सेंटीमीटर. गिऱ्हाइकांच्याच मापाच्या वहीत, एका पानावर स्वतःचं नाव लिहून. या महिन्याचं कोपरावरचं माप, डावा २८.५, उजवा २९.